हलगी भिंतीवर आली, हलगीवाल्याचं काय?

अंकाची वर्गणी मागायला परवा एका हितचिंतकांच्या फ्लॅटवर गेलो. माणूस भला. पुरोगामी. चहा आला, वर्गणीही मिळाली. पण आमची नजर भिंतीवरच अडकली. तिथं हलगी टांगलेली. धुरानं काळवंडलेली, हाताच्या घामानं कड गुळगुळीत झालेली. खाली पितळी हंड्यात येसकराची काठी उभी. वरून पिवळा दिवा सोडलेला.

‘फोक आर्ट,’ ते म्हणाले. ‘चोरबाजारात मिळाली. अँटिक आहे.’

‘वाजवायचं कोण?’

‘ते दुकानदाराला माहीत नव्हतं.’

किंमत मात्र दुकानदाराला पाठ होती!

कोण वाजवायचं ते आम्हाला माहीत आहे. मांगाच्या पोरानं गावच्या मिरवणुकीपुढं हलगी बडवली. देव देवळात गेला, पोरगं बाहेर राहिलं. काठी घेऊन येसकर महार रात्रभर गाव राखत फिरला आणि शिळ्या भाकरीसाठी दारोदार उभा राहिला. ही कला नव्हती, वेठ होती. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायदा बदलायचं बिल मांडलं ते ह्याच वेठीविरुद्ध. शेवटी १९५८ च्या कायद्यानं ही वतनं गेली. आपल्या बापजाद्यांनी काठी फेकली ती माणूस व्हायला. आता ती फेकलेली काठी कुणी उचलतो, पॉलिश मारतो, वेठ पुसून टाकतो आणि नुसतं लाकूड विकतो.

१९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षं भरलेली कलावस्तू पुरावशेष ठरते. वस्तूचं वय मोजलं जातं. तिच्यामागच्या गुलामीचं वय कोण मोजणार?

मग जुन्या वस्तू कुणी घरात ठेवूच नयेत? तसं आमचं म्हणणं नाही. वारल्यांकडं बघा. लग्नात बाया कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहायच्या. सही नसायची. सत्तरच्या दशकात ही चित्रं कागदावर आली, आणि डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा मशे यांचं नाव चित्रासोबत जगभर गेलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चित्र नावासकट गेलं म्हणून माणूस दिसला. पण पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिणाऱ्या त्या बायांची नावं आज कोण सांगेल? लढाई ह्या नावाचीच आहे.

उद्या भंगारवाला तुमच्या वस्तीत येईल, माळ्यावरची आज्याची हलगी मागेल. पोटासाठी विकावी लागली तर विका. उपाशी माणसाला आम्ही उपदेश करणार नाही. पण आधी आज्याजवळ बसा. हलगी कुणी मढवली, कातडं कुणी कमावलं, कुणाच्या दारात वाजली, बदल्यात काय मिळालं, वाजवणं कधी सोडलं आणि का, हे सगळं वहीत उतरवा. त्याचा एक कागद हलगीच्या पाठीला चिकटवा. घेणाऱ्याला सांगा, ‘साहेब, न्यायची तर ह्याच्यासकट न्या.’

निघताना त्या हितचिंतकांना आम्ही म्हणालो, हलगीखाली एक पाटी लावा. ते जरा गप्प झाले. मग विचारलं, ‘काय लिहू?’

प्रश्न खरा आहे. उत्तर त्यांच्याकडं नाही, दुकानदाराकडं नाही. ते आपल्या म्हाताऱ्यांकडं आहे, आणि म्हातारे चाललेत.

दोस्तांनो, वही काढा.