ग्रंथावर शंका घेणारी मुलगी

१ जानेवारीला जयस्तंभाला अभिवादन करून माणसे परतू लागली की रस्त्याच्या कडेला मांडलेल्या पुस्तकांच्या दुकानांपुढे झुंबड उडते. एस.टी.ने, टेम्पोने, रात्रभर प्रवास करून आलेला आपला माणूस पोटाला चिमटा काढून तिथे ग्रंथ विकत घेतो. ज्याच्या कानात शिसे ओतण्याची भाषा इथल्या शास्त्रांनी केली, त्याच्याच पिशवीतून ग्रंथ घरी जातो, ही साधी गोष्ट नाही. त्या दुकानांत बाबासाहेबांचा 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' हमखास असतो. हा ग्रंथ घरी गेल्यावर आपण त्याचे काय करतो, याविषयी आज थोडे बोलायचे आहे.

गेल्या वर्षावासातली गोष्ट. आमच्या भागातल्या एका विहारात ग्रंथवाचन सुरू होते. सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे प्रकरण चालले होते. नववीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "काका, आम्हाला सांगतात की सिद्धार्थाने म्हातारा, आजारी आणि मेलेला माणूस पाहिला, संन्यासी पाहिला, म्हणून घर सोडलं. इथं तर रोहिणी नदीच्या पाण्याचं भांडण आहे. मग खरं काय?" प्रश्न सोळा आणे रास्त होता. पण वाचन करणारे ज्येष्ठ उपासक चिडले. "बाबासाहेबांनी लिहिलंय ते खरं. ग्रंथावर शंका घ्यायची नसते, बस खाली." मुलगी बसली. सभागृहात कुणीच काही बोलले नाही. मीही बोललो नाही, हे कबूल केले पाहिजे.

आता गंमत पाहा. ज्या ग्रंथावर शंका घ्यायची नाही असे त्या मुलीला सांगितले गेले, तो ग्रंथच शंकेतून जन्मला आहे! बाबासाहेबांनी सुरुवातीच्या परिचयात चार प्रश्न मांडले आहेत. पहिला प्रश्न नेमका त्या मुलीचाच आहे. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर कधी म्हातारा, आजारी किंवा मृत माणूस पाहिलाच नव्हता, हे बुद्धीला पटत नाही, म्हणून त्यांनी परंपरेने सांगितलेले कारण नाकारले आणि शाक्य-कोलियांच्या पाण्याच्या तंट्यात युद्धाला विरोध करणारा सिद्धार्थ उभा केला. दुसरा प्रश्न चार आर्यसत्यांचा : ती तथागतांच्या मूळ शिकवणुकीत होती की मागाहून आली? तिसरा आत्मा, कर्म आणि पुनर्जन्माचा. चौथा भिक्खूचा : तो केवळ स्वतःला परिपूर्ण करणारा माणूस की समाजसेवक? या चारही प्रश्नांवर पारंपरिक बौद्ध जगत आजही बाबासाहेबांशी सहमत नाही. परदेशातल्या काही भिक्खूंना तर हा ग्रंथ बौद्ध ग्रंथच वाटत नाही. त्यांनी खुशाल वाद घालावा. वादाला घाबरणारा धम्म बाबासाहेबांनी आपल्याला दिलेला नाही.

याच ग्रंथात पुढे त्यांनी बुद्धवचन कसे ओळखावे याच्या कसोट्या दिल्या आहेत. जे तर्काला आणि बुद्धीला धरून आहे, ज्याचा माणसाच्या कल्याणाशी संबंध आहे, ते बुद्धाचे मानता येईल. उपदेश कित्येक पिढ्या तोंडपाठ करून सांभाळले गेले आणि पाठांतरात चुका होतात, हे सांगताना खुद्द बुद्धाच्या हयातीतच त्याच्या म्हणण्याचा विपर्यास झाल्याचे पाच प्रसंग त्यांनी नोंदवले आहेत. स्वतःच्या धर्मग्रंथात 'इथे चूक असू शकते, तपासून घ्या' असे लिहून ठेवणारा दुसरा धर्मप्रवर्तक मला तरी माहीत नाही.

कालाम सुत्ताचे फलक आपल्या बहुतेक विहारांत लावलेले असतात. केसपुत्त गावच्या कालामांची अडचण अशी होती की जो येई तो आपला धर्म खरा आणि दुसऱ्याचा खोटा सांगून जाई. त्यांनी तथागतांपुढे शंका मांडली, तेव्हा तुमची शंका योग्यच आहे, असे उत्तर मिळाले. पण आपण फलकाचा अर्धाच भाग वाचतो. ऐकीव आहे, परंपरा आहे, ग्रंथात आहे, गुरूने सांगितले आहे, एवढ्यावरून मानू नका, इथे आपण थांबतो. पुढचा भाग अधिक अवघड आहे. लोभ, द्वेष आणि मोह यांतून माणूस काय करतो, त्याने कुणाचे भले होते आणि कुणाचे नुकसान, हे स्वतः तपासा, असे तिथे सांगितले आहे. म्हणजे 'मला पटले ते खरे' एवढ्यावरही तथागत आपल्याला सोडत नाहीत.

ग्रंथाला प्रश्न विचारणारी एक बाई याच भीमेच्या खोऱ्यात, दौंड तालुक्यातल्या केडगावात राहून गेली. पंडिता रमाबाई. आपल्या चळवळीत त्यांची आठवण फारशी काढली जात नाही. त्या ब्राह्मण घरात जन्मल्या आणि ख्रिस्ती झाल्या, एवढ्यावर आपण त्यांचा विषय संपवतो. आईने त्यांना संस्कृत शिकवले, आई-बापांनी पुराणे सांगत देशभर फिरवले. दुष्काळाने आई, बाप आणि बहीण हिरावले. पुढे धर्मशास्त्रे स्वतः वाचल्यावर त्यांच्या लक्षात आले की ही शास्त्रे बाकी सगळ्या बाबतींत एकमेकांशी भांडतात, पण स्त्री आणि शूद्र हीन आहेत, यावर मात्र त्यांचे एकमत आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इथल्या सनातन्यांनी त्यांच्यावर आग पाखडली. जोतीराव फुले मात्र १८८५ च्या 'सत्सार'मधून त्यांच्या बाजूने उभे राहिले.

पण बाप्तिस्मा घेतला म्हणून रमाबाईंचे प्रश्न थांबले नाहीत. ज्या मठवासिनींनी त्यांना आश्रय दिला त्यांच्याशीच त्यांचे खटके उडाले. त्रैक्याचा सिद्धान्त, चर्चची पंथमते, बिशपांचा अधिकार, यांवर त्यांनी पत्रांतून वाद घातला. भारतातल्या पुरोहितांचे जोखड टाकून मी आले, ते तसलेच दुसरे जोखड मानेवर घ्यायला नव्हे, असा त्यांचा पवित्रा होता. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे साध्या मराठीत भाषांतर करत बसल्या. ते छापण्याचे काम तिथल्या छापखान्यात बायकांनी केले. दुसऱ्याने सांगितलेला अर्थ नको, मूळ मी वाचणार, हा हट्ट १९२२ मध्ये मरेपर्यंत सुटला नाही. त्यांची श्रद्धा आपली नाही. पण ग्रंथाशी वागण्याची ही रीत आपली म्हणायला हरकत नसावी.

तिकडे आफ्रिकेतही असेच घडले होते. नाताळचा बिशप कोलेन्सो झुलू भाषेत बायबल उतरवत असताना त्याचा झुलू मदतनीस विल्यम एन्गिडी याने विचारले, महापुराची ही गोष्ट खरोखर घडली का? बिशपाला प्रामाणिकपणे 'हो' म्हणता येईना. १८६२ पासून त्याने या शंका ग्रंथरूपाने मांडल्या आणि त्याच्यावर पाखंडाचा खटला झाला. ज्याला रानटी ठरवले होते त्याच्या एका प्रश्नाने इंग्लंडचे चर्च हादरले. आपल्याकडे हमीद दलवाई यांनी १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले, तेव्हा त्यांनाही स्वकीयांचा रोष पत्करावा लागला. त्या नावातला 'सत्यशोधक' शब्द कुणाकडून आला हे सांगायला नको. जोतीरावांच्या 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकातले कुटुंब आठवा. बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि तरी सगळे एका घरात प्रेमाने नांदतात. ज्याने त्याने आपापला ग्रंथ वाचून ठरवायचे.

हे सगळे लिहिण्याचे कारण कोरेगावच आहे. १८१८ च्या लढाईविषयी आपल्या सभांतून सांगितले जाते की पाचशे महारांनी अठ्ठावीस हजार पेशव्यांना कापून काढले. नोंदी वेगळे सांगतात. कॅप्टन स्टाँटनकडे घोडेस्वार आणि तोफखाना धरून आठशेच्या आसपास माणसे होती, त्यांत अनेक जातींचे शिपाई होते आणि गोरे गोलंदाजही होते. पेशव्याची सगळी फौज गावावर तुटून पडली नव्हती, आणि जी पडली तिच्यात अरब मोठ्या संख्येने होते. जनरल स्मिथची फौज मागावर होती म्हणून पेशवा पुढे निघून गेला. एवढे मान्य केल्याने काय बिघडते? स्तंभावरच्या मृतांच्या ४९ नावांत २२ नावे 'नाक' लावलेली आहेत, ती काही पुसली जात नाहीत. दिवसभर अन्नपाण्याविना लढलेल्या त्या माणसांसाठी आकडा फुगवण्याची गरज नाही. १९२७ साली बाबासाहेब तिथे आले ते स्तंभावरची नावे खरी होती म्हणूनच.

२ जानेवारी २०१८ रोजी, म्हणजे आपल्या माणसांवर दगडफेक झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, आनंद तेलतुंबडे यांचा लेख आला. कोरेगावची मिथके आपल्याला जातीच्या चौकटीतच अडकवतात, असे त्यांचे म्हणणे होते. वेळ चुकीची निवडली असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. आपल्यातल्या अनेकांनी त्यांना गद्दार ठरवले. पुढे एल्गार परिषद प्रकरणात १४ एप्रिल २०२० रोजी, ऐन भीमजयंतीला, त्यांना शरण जावे लागले आणि २०२२ च्या नोव्हेंबरपर्यंत तुरुंगात राहावे लागले. कोरेगावच्या कथेवर शंका घेणारा माणूस कोरेगावशी जोडलेल्या खटल्यात अडीच वर्षे आत राहतो! सरकारने त्यांचा लेख वाचला होता की नाही कोण जाणे. आपण मात्र वाचून उत्तर द्यायला हवे होते. शिवी हे उत्तर नव्हते.

इथे कुणी म्हणेल, मग वढू बुद्रुकचे काय? गोविंद गोपाळ महार यांच्या समाधीवर शंका घेणारेही पुरावेच मागत होते. मागत होते खरे, पण २०१७ च्या २९ डिसेंबरला तिथला फलक काढून टाकला गेला तो कागदपत्रे वाचून नव्हे. ज्यांच्या हाती शतकानुशतके लेखणी होती त्यांनी लेखणी नाकारलेल्यांना 'लेखी पुरावा दाखवा' म्हणावे, यात शंका कमी आणि मस्ती जास्त आहे. लोकांच्या तोंडी असलेली परंपरा हाही तपासायचा पुरावा असतो. तपासा म्हणावे, पण फलक जागेवर ठेवून तपासा. शंका घेणाऱ्याला सत्य हवे आहे की समोरच्याला खाली बसवायचे आहे, हे कालामांच्या कसोटीवर लगेच कळते. आमच्या विहारातल्या ज्येष्ठांनाही त्या दिवशी समोरच्याला खाली बसवायचेच होते, हे लिहिताना मला संकोच वाटतो.

पुढच्या रविवारी आम्ही काहीजणांनी आग्रह धरून ग्रंथाचा परिचय आधी वाचायला लावला. ज्येष्ठ उपासकांनीच तो वाचला, थोडा अडखळत. मुलगी आली होती. परिचय संपल्यावर तिने पुन्हा हात वर केला. आत्मा नाही म्हणता, मग पुनर्जन्म कुणाचा? बाबासाहेबांचा तिसरा प्रश्न तिने स्वतःच गाठला होता. यावेळी तिला कुणी बसवले नाही. कुणाजवळ तयार उत्तरही नव्हते. त्या प्रकरणाचे वाचन दोन आठवडे पुढे ढकलून सगळ्यांनी घरून वाचून यायचे ठरले आहे.