दोष शोधावा की दोषी?

यंत्र बंद पडले की आपल्याकडे दोन गोष्टी ताबडतोब सुरू होतात. एक, हाताला येईल तो भाग बदलणे. दुसरी, समोर दिसेल त्याला बोल लावणे. यंत्र का बंद पडले, हा प्रश्न मात्र मागे राहतो. माझे हे मत पुस्तके वाचून झालेले नाही. ते सुरतेच्या गोडादरा भागात, एका जुन्या मोटारीच्या पंख्यापाशी झाले.

गोडादऱ्यात माझे मामा राहतात. कापडाच्या धंद्यामागे खानदेशातून सुरतेस गेलेली मराठी कुटुंबे या बाजूला पुष्कळ आहेत. गल्लीत गुजराती-हिंदीबरोबर अहिराणीही कानी पडते. मामांचे लहानसे गॅरेज आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तेथे असताना एका हौशी गृहस्थांची ‘सॅन स्टॉर्म’ दुरुस्तीस आली. गोव्यात तयार झालेली ही दोन आसनांची स्पोर्ट्‌स कार १९९० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आली होती. एंजिन रेनॉचे, बॉडी फायबरची. आता तिचे सुटे भाग सहजी मिळत नाहीत.

तक्रार अशी की हमरस्त्यावर गाडी उत्तम चाले. पण पर्वत पाटियाच्या गर्दीत खोळंबली की पाणी उकळे. वास्तविक अर्धे निदान या एका वाक्यातच आहे. गाडी वेगात असताना समोरचा वारा रेडिएटर थंड करतो; ती उभी राहिली की ते काम पंख्याने करायचे असते. जुन्या अँबॅसिडरचा पंखा एंजिनच्या पट्ट्यावर फिरे. एंजिन आडवे बसविलेल्या गाड्यांत, उदाहरणार्थ १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्ये, पंखा विजेवर आला. त्याबरोबर फ्यूज आले, रिले आला, तापमानाचा स्विच आला, आणि बिघडण्याच्या जागाही वाढल्या.

गृहस्थांनी आधी दुसरीकडे पंखा बदलून घेतला होता. मामांनी तारांचा जोड काढून मीटर लावला. बारा व्होल्ट दिसले. “करंट येतोय, म्हणजे पंखाच खराब,” असे म्हणून त्यांनी आणखी एक पंखा मागविला. तो बसविला गॅरेजातल्या सतरा वर्षांच्या पोराने. दुसऱ्याच दिवशी गाडी पुन्हा उकळली. गृहस्थ संतापले. तारा उलट जोडल्या असतील, पंखा उलटा फिरत असेल, असे ठरले आणि पोराचा आठवड्याचा पगार कापला गेला. “मनी चूक नही, शेठ,” एवढेच तो पुनःपुन्हा म्हणत होता. पदार्थविज्ञान शिकणारा मी तेथे उभा होतो. तारा उलट जोडल्या तर पंखा उलटा फिरतो, हे मीच मोठ्या ऐटीत मामांना समजावून सांगितले होते!

संध्याकाळी गल्लीतले एक वृद्ध वायरमन चहाला आले. जन्म मिलमध्ये गेलेला. त्यांनी कोणाला काही विचारले नाही. एंजिन तापू दिले, आणि पंखा सुरू झाल्यावर रेडिएटरसमोर कागदाचा तुकडा धरला. कागद आत ओढला गेला, पण अगदी हलकेच. म्हणजे पंखा सुलटा फिरत होता. फक्त त्याला जोर नव्हता. मग त्यांनी एक जाड तार घेऊन पंख्याचे अर्थिंगचे टोक थेट बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडले. पंखा घोंघावू लागला! पंखा चांगला, स्विच चांगला, रिले चांगला. दोष परतीच्या वाटेवर होता.

लोखंडी गाडीत प्रवाह बॉडीतूनच बॅटरीकडे परत जातो. फायबरमधून वीज जात नाही, म्हणून अशा गाडीत परतीची निराळी तार सांगाड्यापर्यंत न्यावी लागते. त्या तारेचा स्क्रू गंजला होता. पंखा सुमारे दहा अँपिअर प्रवाह घेतो असे धरा. गंजलेल्या जोडाचा रोध अवघा ०.३ ओहम असला तरी तीन व्होल्ट तेथेच खर्च होतात. जोड काढून मीटर लावला तर प्रवाहच नसतो, म्हणून मीटर पूर्ण बारा व्होल्ट दाखवितो. मीटर खोटे बोलला नव्हता. आम्ही त्याला चुकीच्या वेळी प्रश्न विचारला होता. ओहमचा नियम मी दोन परीक्षांत बिनचूक लिहिला आहे, पण त्या दिवशी तो मला आठवला नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी आमची गत झाली.

कोणी म्हणेल, गॅरेजवाल्याला एवढा वेळ कोठे असतो? गिऱ्हाईक डोक्यावर उभे असते. खरे आहे. परंतु त्या तपासणीला अर्धा तास लागला आणि खर्च झाला तो काचकागदाच्या तुकड्याचा. तपासणी टाळण्यात दोन पंख्यांचे पैसे गेले आणि एका पोराचा आठवडा गेला. गिऱ्हाइकाच्या घाईची किंमत जो सर्वांत दुबळा असतो त्याच्याकडून वसूल होते, हा माझा खरा आक्षेप आहे. गॅरेज असो, माग असो की कचेरी असो, ‘कोणी केले?’ हा प्रश्न ‘काय झाले?’ याच्या आधी विचारला की अन्याय ठरलेलाच.

आणि याला आपले शिक्षणही जबाबदार नाही का? आपल्या प्रात्यक्षिकांत सर्व उपकरणे ठीकठाक असतात, उत्तर आधीच ठाऊक असते, आणि वाचन जमले नाही तर शेजारच्याच्या वहीत ते मिळते. माझी एक सूचना आहे. प्रत्येक प्रात्यक्षिक परीक्षेत एक मंडल मुद्दाम बिघडवून द्यावे. गुण उत्तराला देऊ नयेत. कोणत्या क्रमाने तपासले आणि प्रत्येक पायरीवर कोणती शंका मिटली, याला द्यावेत.

स्क्रू घासून बसविल्यावर गाडी अर्धा तास जागीच चालू ठेवली. पाणी उकळले नाही. मामांनी कापलेले पैसे पोराच्या हातावर ठेवले. त्याने ते मोजले नाहीत, आणि आमच्यापैकी कोणाकडे पाहिलेही नाही. पैसे परत देता येतात. पण चारचौघांत लावलेला बोल परत कसा घ्यावा, हे मात्र मला अजून उमगलेले नाही.