डाख आणि धीर

हल्लीं पुष्कळ विद्यार्थी घरच्या घरीं विजेचीं लहानमोठीं उपकरणें तयार करतात, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु त्यांचें काम पाहतांना एक उणीव आमच्या वारंवार नजरेस येते. बारीक तारांचा सांधा त्यांस साधतो. जाड तारांचा साधत नाहीं. वरून तो चकाकतो आणि बोटानें ओढतांच सुटतो. या लहानशा गोष्टींत हस्तकौशल्याइतकाच शीलाचाहि प्रश्न आहे, असें आमचें मत आहे.

दोष कोठें आहे तें पाहूं. तांबें उष्णता झपाट्यानें वाहून नेतें, आणि तारेचा व्यास दुप्पट झाला कीं तिचा छेद चौपट होतो. त्यामुळें बारीक तारेस पुरणारी २५ वॉटची डाखाची सळई जाड तारेस पुरत नाहीं. ६३ भाग कथील व ३७ भाग शिसें यांचा डाख १८३ अंशांवर वितळतो. म्हणून सळईस लागतांच तो पाणी होतो, पण तार थंडच राहते. थंड तारेवर पडलेला डाख तिच्याशीं एकजीव होत नाहीं. तिच्यावर नुसता बसतो.

असा सांधा निरुपद्रवी नव्हे. बॅटरीच्या तारेंतून १० अँपिअर प्रवाह जात असून सांध्यांत ओहमचा दहावा हिस्सा जरी रोध असला, तरी तेवढ्याशा जागीं १० वॉट उष्णता उत्पन्न होते. वेष्टन वितळतें, प्रसंगीं आगहि लागते.

यावरील उपाय आमच्या सोलापुरास नवा नाहीं. कल्हईवाला आधीं भांडें तापवी, मग त्यास कथील लावी; भांड्याच्याच उष्णतेनें तें पसरे. मागावर सूत तुटलें तर विणकर गांठ मारतो. नुसती खळ लावून तें जोडूं पाहत नाहीं. आपणहि तसेंच करावें. तारा घासून लख्ख कराव्या व एकमेकींभोंवतीं घट्ट पिळाव्या, कारण ओढ पिळानें सोसावयाची असते, डाखानें नव्हे. मग राळ लावावी. नवसागर भांड्यास चालतो, तारेस तो हळूहळू खातो. रुंद टोकाच्या मोठ्या सळईनें तार तापवावी आणि डाख सळईस न लावतां तारेस लावावा. तारेनें तो आपण होऊन ओढून घेतला म्हणजे काम झालें. सांधा निवेपर्यंत हलवूं नये. खिडकी उघडी ठेवावी, आणि डाखांत शिसें असल्यानें शेवटीं हात स्वच्छ धुवावे.

पालकांस आमची एक विनंति आहे. मुलाचा सांधा सुटला म्हणून त्यास बाजारांतून तयार वस्तु आणून देऊं नका, आणि हा वेळ अभ्यासांतून फुकट गेला असेंहि समजूं नका. ज्या कारागिरांस आपण अशिक्षित म्हणून हिणवीत आलों, त्यांच्या हातांत जें ज्ञान होतें तेंच तुमचा मुलगा अथवा मुलगी येथें शिकत आहे. परीक्षेंत वरवरचें उत्तर कदाचित् खपून जाईल; तारेपुढें तें खपत नाहीं.

वाळूवर बांधलेल्या घराचा दृष्टान्त आपण प्रार्थनेच्या वेळीं ऐकतों. पाऊस येईपर्यंत तेंहि घर चांगलेंच दिसत होतें. आमच्या विद्यार्थ्यांनीं आपला सांधा दुसऱ्यास दाखविण्यापूर्वीं स्वतः एकदां ओढून पाहावा, एवढेंच आमचें सांगणें आहे.