‘एकच एक्स-रे काढा’ म्हणण्याआधी

“डॉक्टर, एकच काढा ना, दोनचे पैसे कशाला?” ही काटकसर मला मान्य नाही.

एक्स-रे म्हणजे सावली. वाटी उन्हात धरून बघा. वरून ऊन पडलं तर सावली गोल, बाजूने पडलं तर अर्धगोल. हाडाचंही तसंच. मोडलेला तुकडा सरळ मागे सरकला असेल, तर समोरून काढलेल्या फिल्ममध्ये तो जागच्या जागी दिसू शकतो. म्हणून हातापायाच्या हाडाच्या किमान दोन फिल्म, एकमेकींशी काटकोनात. किरण शरीरातून ज्या दिशेने जातात ते प्रोजेक्शन आणि एखाद्या दुखण्यासाठी ठरवलेला प्रोजेक्शन्सचा संच म्हणजे सिरीज.

मनगटाचं बघा. तळहातावर पडल्यावर अंगठ्याच्या बुडाशी, खळगीत दुखत असेल तर स्कॅफॉइड या छोट्या हाडाची शंका येते. नेहमीच्या दोन फिल्ममध्ये ते आखडलेलं दिसतं. हात करंगळीकडे वळवला की लांब उलगडतं. त्यासाठी वेगळी सिरीज लागते. या हाडाला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकाने मिळतं. मधे तुटलं आणि लक्षात आलं नाही, तर मनगटाकडचा तुकडा रक्ताविना मरू शकतो. पूर्ण सिरीज काढूनही पहिल्या दिवशी भेग दिसेलच असं नाही. अशा वेळी हात आधारात ठेवून 10 ते 14 दिवसांनी पुन्हा तपासतात. तेव्हा “पुन्हा कशाला?” म्हणून भांडू नका.

दोष तुमचा एकट्याचा नाही. आम्ही डॉक्टरच चिठ्ठीवर ‘एक्स-रे रिस्ट’ एवढंच खरडतो. कसा पडला, नेमकं कुठे दुखतं, काही नाही. टेक्निशियनने ओळखायचं तरी काय? फिट किंवा विजेच्या झटक्यानंतर मागच्या बाजूला निखळलेला खांदा समोरच्या फिल्ममध्ये जवळजवळ नॉर्मल दिसू शकतो, हे ठाऊक असूनही!

रेडिएशनची भीती? मनगटाच्या एका फिल्ममधलं रेडिएशन निसर्गातून दिवसभरात मिळणाऱ्यापेक्षाही कमी असतं. (गरोदर असाल तर मात्र आधी सांगाच.) आणि उगाच फिल्म वाढवा असंही मी म्हणत नाही, साध्या कंबरदुखीला बहुतेक वेळा एकही लागत नाही.

पुढच्या वेळी सेंटरवर जाण्याआधी चिठ्ठी वाचा. कोणते व्ह्यू हवेत ते लिहिलं नसेल, तर परत या आणि आम्हाला लिहायला लावा.