चाकांच्या रंगात दडलेला कारखाना

जस्ताच्या मिश्रधातूतून ओतलेला बोटभर लांबीचा खेळण्यातला ट्रॅक्टर. त्याच साच्यातले दोन नग, एकाचे टायर राखाडी आणि दुसऱ्याचे काळे. हे दोन्ही नग मुद्दाम शोधून, पदरमोड करून जमवणारी माणसं ब्रिटन-अमेरिकेत कित्येक आहेत आणि बाकीचे लोक त्यांना छांदिष्ट म्हणून सोडून देतात. माझ्या मते यात त्यांच्यावर अन्याय होतो. एकाच खेळण्याचे बारीक प्रकारभेद टिपून ठेवणं ही इतिहासाची खरीखुरी साधना आहे, कारण हे भेद ज्या निर्णयांमुळे पडले त्यांची नोंद करायला त्या काळी दुसऱ्या कुणाला सवड नव्हती. राखाडी चाकं संपली, काळी आली. हा कारखान्यातला रोजचा मामला. त्याची बखर कोण लिहिणार?

ब्रिटनमधल्या डिंकी टॉइजचा लाल मॅसी-हॅरिस ट्रॅक्टर घ्या. हा 1948 मध्ये बाजारात आला. खरी मॅसी-हॅरिस कंपनी 1953 मध्ये हॅरी फर्ग्युसन यांच्या कंपनीशी एकत्र झाली आणि 1958 पासून तिचं नाव नुसतं मॅसी फर्ग्युसन झालं. खेळण्यावर मात्र जुनंच नाव साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकून होतं. पुढे साचा तोच ठेवून नाव बदललं आणि सीटवरचा धातूचा चालक जाऊन प्लॅस्टिकचा आला. शेतात नवी नावं फिरत असताना पोरांच्या हातात जुनं नाव किती वर्षं राहिलं, साचा बदलण्याचा खर्च कसा टाळला गेला आणि माणसाची आकृती कशी स्वस्त केली गेली, हे सगळं शेजारी ठेवलेले दोन नग सांगतात. मॅचबॉक्स गाड्या करणाऱ्या लेस्नी कंपनीचा चौथ्या क्रमांकाचा मॅसी-हॅरिसही असाच. 1954 च्या पहिल्या आवृत्तीत मागच्या चाकांवर मडगार्ड होते. 1957 च्या सुमारास नव्या साच्यातून आला तो मडगार्डशिवाय, आधी धातूच्या चाकांचा आणि नंतर राखाडी प्लॅस्टिकच्या चाकांचा. धातूकडून प्लॅस्टिककडे झालेलं हे वळण त्या मालिकेतल्या इतर गाड्यांतही दिसतं, त्यामुळे पेटी हरवलेल्या नगाचा काळही चाकावरून अंदाजता येतो. आणि मॅचबॉक्सचा तो जॉन डिअर-लान्झ? त्याच्या जोडनावातच अमेरिकी कंपनीने 1956 मध्ये मानहाइमची जर्मन लान्झ कंपनी ताब्यात घेतल्याची खूण आहे.

अमेरिकेत ही गोष्ट शेतकऱ्याच्या आणखी जवळ जाते. आयोवा राज्यातल्या डब्यूक इथे फ्रेड अर्टल यांनी 1945 मध्ये घरच्या तळघरात ॲल्युमिनियम वितळवून वाळूच्या साच्यात ट्रॅक्टर ओतायला सुरुवात केली. पुढे कंपनी जवळच्या डायर्सव्हिलला गेली. खऱ्या ट्रॅक्टरच्या कंपन्यांशी करार करून केलेली ही खेळणी ट्रॅक्टरच्या दुकानांतही विकली जात, म्हणजे बापाने ज्या रंगाचा ट्रॅक्टर घेतला त्याच रंगाचा छोटा ट्रॅक्टर पोराला मिळे. त्यामुळे खऱ्या ट्रॅक्टरची लोखंडी जाळी, रंग किंवा अक्षरं बदलली की खेळण्यातही फरक पडे. आज डायर्सव्हिलमध्ये शेतीच्या खेळण्यांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे आणि दर नोव्हेंबरात तिथे मोठं प्रदर्शन भरतं. ज्या समाजाची शेती झपाट्याने बदलली, त्याने आपल्या औजारांची आठवण अशी जपावी हे मला स्वाभाविक वाटतं, आणि मनापासून आवडतं.

यावरचा पहिला आक्षेप पैशाचा आहे. दुर्मीळ नगाची किंमत वाढली की रंग खरवडून, चाकं बदलून नकली भेद तयार केले जातात. आक्षेप रास्त आहे, पण अभ्यासाची गरज त्यातूनच अधिक ठसते. लेस्नीच्या गाड्या आधी रंगवत, मग आस बसवून तिची टोकं दाबून चपटी करत. म्हणून त्या दाबलेल्या टोकावर अंगाचाच रंग चढलेला दिसला, तर नग पुन्हा रंगवला असल्याचा दाट संशय येतो. ही बारीक नजर ज्याने शेकडो नग उलटसुलट पाहिले त्याचीच. दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो: आता कंपन्या मुद्दाम मर्यादित आवृत्त्या काढतात, सोनेरी रंगाचे, प्रदर्शनापुरते नग विकतात. असे भेद संग्राहकासाठीच जन्माला येतात, कारखान्याच्या अडचणीतून किंवा शेतातल्या बदलातून येत नाहीत. माझ्या लेखी त्यांचं मोल कमी आहे आणि संग्राहकांनी याद्यांमध्ये हे दोन वर्ग वेगळे ठेवायला हवेत. तिसरा आक्षेप असा की खेळणं खेळण्यासाठी असतं, काचेत ठेवण्यासाठी नव्हे. मान्य आहे. पण रंग उडालेला, एका चाकाचा नगही यादीत तितकाच मोलाचा असतो. पुरावा जपायला तो कोरा असावाच लागत नाही.

आपल्याकडे तान्हा पोळ्याला विदर्भातली पोरं लाकडी बैल सजवून मिरवतात, आणि जत्रेत ट्रॉली जोडलेले प्लॅस्टिकचे ट्रॅक्टर मिळतात. महिंद्रासारख्या कंपनीचे ट्रॅक्टर साठच्या दशकापासून आपल्या रानात आहेत. मग त्यांच्या खेळण्यांचे साचे कुणी केले, चाकं कधी बदलली, कोणत्या गावात कोणता कारागीर बैलाच्या जागी ट्रॅक्टर घडवू लागला, याची यादी आपण करतो का? महागडा नग विकत घेण्याची यात गरजच नाही. जत्रेतल्या विक्रेत्याला माल कुठून आणला ते विचारायचं, फोटो काढायचा, साल आणि गाव लिहायचं. शाळेच्या इतिहास मंडळालाही जमेल असं हे काम आहे. कुठल्याही तालुक्यातल्या वाचनालयात एक वही ठेवली तरी सुरुवात होते, आणि ती लवकर व्हायला हवी, कारण जुने साचे भंगारात गेले की ते कुणी केले होते हे सांगणारं माणूसही फार काळ हाती लागत नाही.