७७ मतं आणि आपला मोहल्ला



१५ ऑक्टोबर २०१४, बुधवार. विधानसभेचं मतदान होतं. माझं नाव म्हसळा तालुक्यातल्या आमच्या गावच्या यादीत आणि मी मुंबईत. सुट्टी होती, आदल्या रात्रीची एसटीही होती. मी गेलो नाही. ‘माझ्या एका मतानं काय फरक पडतो?’ असं तेव्हा मीही म्हणालो होतो.

रविवारी, १९ तारखेला मतमोजणी झाली. श्रीवर्धनमधून राष्ट्रवादीचे अवधूत तटकरे निवडून आले, शिवसेनेचे रवी मुंढे पडले. फरक फक्त ७७ मतांचा. आमच्या एकट्या मोहल्ल्यातून मुंबईत आणि आखातात गेलेली माणसं मोजली तरी आकडा ७७ च्या पुढे जाईल.

ती निवडणूकच वेगळी होती. २५ सप्टेंबरला एकाच दिवशी युती तुटली आणि आघाडीही. चारही मोठे पक्ष स्वतंत्र लढले आणि आपल्या रायगडात शेकाप पाचवा. मतं इतकी वाटली गेली की उरणमध्ये शिवसेनेचे मनोहर भोईर शेकापच्या विवेक पाटलांना अवघ्या ८११ मतांनी हरवून गेले. अलिबाग आणि पेण मात्र शेकापनं राखलं. त्याच वर्षीच्या लोकसभेला अनंत गीते सुनील तटकरेंपेक्षा २,११० मतांनी पुढे राहिले होते, आणि तटकरेंच्याच नावाच्या एका अपक्षानं ९ हजारांवर मतं घेतली होती. नीट न वाचता दाबलेलं बटण काय करू शकतं, ते रायगडानं पाहिलं आहे.

निकालानंतर मी फुफीला फोन केला. कोणाला दिलंस, विचारलं. “जमातीनं ठरवलं त्याला.” का? “कब्रस्तानाला भिंत देतो म्हणाला.” आणि तुझं पाणी? एप्रिल-मेमध्ये विहिरीवर रांग लावतेस, ते बोललं का कोणी? फुफी हसली. “बैठकीत बाया कुठं असतात, बाबा?”

माझा सवाल इथंच आहे. जमात आपल्या सुखदुःखाला उभी राहते. मयतीला, लग्नाला, आजारपणाला तीच धावते. त्याबद्दल आदरच आहे. पण मतदान यंत्रापुढे फुफी एकटी उभी असते. संविधानानं मत तिला दिलं आहे, मोहल्ल्याला नाही. सगळ्यांची मतं एकगठ्ठा करून चार पुरुष शब्द देऊन आले, की उमेदवाराला फक्त त्या चौघांनाच खूश ठेवावं लागतं. मग भिंत मिळते, पाणी राहून जातं. आणि आपणच स्वतःचा गठ्ठा बांधून दिल्यावर ‘व्होट बँक’ म्हणणाऱ्यांवर रागावायचं कोणत्या तोंडानं?

पक्षाला दिलेल्या शब्दाची किंमतही बघा. ७७ मतांनी शिवसेनेला हरवणारे अवधूत तटकरे २०१९ च्या निवडणुकीआधी शिवसेनेतच गेले. त्या वर्षी राष्ट्रवादीच्या आदिती तटकरे ३९ हजारांहून अधिक मतांनी जिंकल्या. २०२४ मध्ये तर राष्ट्रवादीचे दोन गटच श्रीवर्धनात समोरासमोर आले. २०१४ साली ज्या निशाणीसाठी सख्खे भाऊ बोलेनासे झाले, त्या निशाणीचा आज काय अर्थ उरला?

काही दोस्त म्हणतात, आपला माणूस उभा राहिला पाहिजे. बरोबर आहे. २०१४ च्या २८८ आमदारांत मुस्लिम फक्त ९ होते, ही चांगली गोष्ट नाही. पण आपला माणूस निवडून कसा येतो, हेही याच किनाऱ्यानं दाखवलं आहे. आंबेतचे बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले १९६२ साली श्रीवर्धनमधून आमदार झाले. एकट्या मुस्लिम मतांवर ती जागा येण्यासारखी नव्हती. कुणबी, कोळी, आगरी, ब्राह्मण, सगळ्यांकडे मतं मागावी लागत. १९८० मध्ये ते मुख्यमंत्री झाले. त्यांच्याच काळात निराधारांना महिन्याचं अनुदान देणारी संजय गांधी योजना आली आणि कुलाब्याचा रायगड जिल्हा झाला. त्या अनुदानासाठी नाव नोंदवणाऱ्या म्हातारीला कोणी धर्म विचारला नाही. आणि सिमेंट प्रकरणात उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेला, तेव्हा जानेवारी १९८२ मध्ये त्यांना खुर्ची सोडावी लागली. काम केलं त्याचा अभिमान बाळगू या, हिशेब मागितला गेला त्याचाही. ‘आपला’ आहे म्हणून कोणाला हिशेब माफ करायचा नाही.

तेव्हा पुढच्या वेळी तीन कामं करू या. यादीत आपलं आणि घरातल्या बायकांचं नाव आहे का, ते आधी बघू या. उमेदवार मोहल्ल्यात आला की बैठक उघड्यावर घेऊ या, बायका पुढच्या रांगेत, आणि पाणी, दवाखाना, बारावीनंतरचं कॉलेज यांबद्दल तारीख मागू या. मत कोणाला द्यायचं, ते मात्र ज्यानं-त्यानं ठरवू दे.

आणि मुंबईत असाल, तर आदल्या रात्रीची एसटी पकडा. २०१४ साली मी पकडली नव्हती. फुफीनं नंतर एकदाच विचारलं, “तू आला असतास तर कोणाला दिलं असतंस?” मला उत्तर देता आलं नाही. मी तेव्हा एकाही उमेदवाराला काहीच विचारलं नव्हतं.