पहिली रायफल: आधी रिक्वायरमेंट, मग मॉडेल

मंडळी, या वीकेंडचा विषय जरा वेगळा आहे. पुण्या-मुंबईत बसून वाचणाऱ्यांना तो हॉलिवूडमधला वाटेल, पण मी राहतो त्या डॅलसकडे हा चक्क चहासोबतच्या गप्पांचा विषय आहे. ग्रीन कार्ड हातात पडलं की आपल्या मंडळींपैकी एखादा तरी हळूच विचारतो, "काय रे, पहिली रायफल कुठली घेऊ? एआर की एके?"

माझं स्पष्ट मत सांगतो. प्रश्नच चुकीचा आहे. क्लायंटने पहिल्याच मीटिंगमध्ये "जावा घेऊ की डॉट नेट?" असं विचारावं, त्यातला हा प्रकार. अरे बाबा, आधी बनवायचंय काय ते तर सांग!

थोडी पार्श्वभूमी. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे ट्रिगर एकदा दाबला की एकच गोळी सुटते, पुढची मात्र आपोआप चेंबरमध्ये येऊन बसते. एआर-१५ मधलं 'एआर' म्हणजे 'असॉल्ट रायफल' नव्हे, 'आर्मालाइट' हे कंपनीचं नाव. युजीन स्टोनरच्या डिझाइनचे हक्क कोल्टने १९५९ मध्ये घेतले. त्यातून सैन्याची एम-१६ झाली आणि १९६४ पासून नागरिकांसाठी सेमी-ऑटोमॅटिक आवृत्ती बाजारात आली. भारतात सामान्य माणसाला असल्या रायफलीचं लायसन्स मिळत नाही, टेक्सासमध्ये मात्र फॉर्म भरा, पार्श्वभूमीची तपासणी होऊ द्या आणि घेऊन जा. (एच-१बी वाल्यांनो, थांबा! केंद्रीय कायद्याने आपल्याला बंदूक बाळगायला मनाई आहे, आणि रेंजवर भाड्याने घेऊन चालवणंही त्यात येतं. राज्याचं शिकारीचं लायसन्स असेल तर तो एक अपवाद. माझ्याकडे ते आहे, हरणांना मात्र माझ्यापासून अजून तरी काही धोका नाही.)

तर रिक्वायरमेंट. प्रामाणिकपणे बघितलं तर वापर चारच.

पहिला, रेंजवर नेमबाजी. दहापैकी नऊ जणांचं खरं उत्तर हेच असतं, फक्त ते सांगायला जरा साधं वाटतं. यासाठी माझा सल्ला ऐकून लोक हिरमुसतात: पहिली रायफल .२२ ची घ्या. रुगर १०/२२ ही १९६४ पासून चालत आलेली आहे. अगदी सैनिकी रूपच हवं असेल तर स्मिथ अँड वेसनची एम अँड पी १५-२२ आहे. तिचा सेफ्टी, मॅगझिन सोडायचं बटण, सगळं एआरसारखंच. .२२ ची गोळी काही सेंटांत येते, .२२३ ची त्याच्या कितीतरी पट महाग. नेमबाजी येते ती हजारो गोळ्या झाडून, महागडी दुर्बीण लावून नाही. शिवाय .२२ धक्का देत नाही, त्यामुळे डोळे मिटायची सवय लागत नाही. ही सवय एकदा लागली की सुटता सुटत नाही, रेंजवर रोज बघतो.

दुसरा, शिकार. इथे ब्रँडच्या आधी कायदा वाचावा. टेक्सासमध्ये हरणाला .२२ सारखी रिमफायर गोळी चालत नाही. व्हर्जिनियात हरणासाठी .२३ किंवा त्याहून मोठा कॅलिबर लागतो, कोलोराडोत किमान .२४. म्हणजे .२२३ किंवा ५.५६ ची नेहमीची एआर या दोन राज्यांत हरणासाठी बाद! दुकानदार "ऑल पर्पज" म्हणून गळ्यात मारतो ती हीच. हरणासाठी घ्यायचीच असेल तर एआर-१० जातीची, .३०८ ची घ्या. ती जड आणि खर्चिक असते. नाहीतर सरळ बोल्ट-ॲक्शन घ्या. सेमी-ऑटोमॅटिकचा हट्ट तिथे कशाला?

तिसरा, इतिहासाची हौस. हेही कारण प्रामाणिक आहे, लाजायचं काम नाही. अशा माणसाने एआरच्या मागे न लागता एम-१ गॅरंड बघावी. अमेरिकन सैन्याने ती १९३६ मध्ये स्वीकारली. आठ गोळ्यांची क्लिप, वजन चार किलोंच्या वर. एकेचंही आकर्षण समजू शकतो, पण "तिच्या गोळ्या स्वस्त पडतात" हा जुना मुद्दा आता काढू नका. कलाश्निकोव्ह कंपनीवर २०१४ मध्ये निर्बंध आले आणि रशियन गोळ्यांच्या नव्या आयातीवर २०२१ मध्ये. तेव्हापासून ते गणित बदललं.

चौथा वापर, घराचं रक्षण. आता जरा गंभीर होतो.

हे कारण सगळ्यात पटकन दिलं जातं आणि त्याच्यावर सगळ्यात कमी विचार होतो. इथल्या घरांच्या आतल्या भिंती म्हणजे लाकडी सांगाडा आणि जिप्समचे पत्रे. चुकलेली गोळी पलीकडच्या खोलीत सहज जाते, आणि त्या खोलीत पोरं झोपलेली असतात. बंद खोलीत रायफलचा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो, कानाचं कायमचं नुकसान करायला तो पुरेसा आहे. हे सगळं माहीत असूनही कुणी घेईल, तो त्याचा हक्क. पण माझा प्रश्न मॉडेलचा नसतो. मी विचारतो, "घरात कोण कोण आहे?"

कारण अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. चोर येईल न येईल, पण ले-ऑफची ई-मेल, घटस्फोट, चाळिशीतलं डिप्रेशन, परीक्षेत आपटलेला मुलगा, हे आपल्या घरांत येतंच. आपल्याकडे तर त्यावर बोलायचीही पद्धत नाही, "सगळं ठीक आहे" म्हणून फोन ठेवतात. अशा घरात सहज हाती येणारी बंदूक म्हणजे एका वाईट रात्रीला परत न फिरण्याचा रस्ता. त्यामुळे बजेटमधली पहिली ओळ रायफलची नाही, लोखंडी सेफची. गोळ्या वेगळ्या कुलुपात. किल्ली किंवा कोड पोरांना माहीत नाही. टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं हा गुन्हाही आहे. आणि घरात कुणाचं मन ठिकाणावर नसेल, तर त्या वर्षी खरेदी नाही. सेलमध्ये असली तरी नाही.

आयटीवाल्यांसाठी अजून एक गोष्ट. आपण नोकरीमागे राज्यं बदलतो. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, इलिनॉय, वॉशिंग्टन, या ठिकाणी असल्या रायफलींवर कडक कायदे आहेत. डॅलसमध्ये कायदेशीर असलेली वस्तू सिॲटलच्या ऑफर लेटरसोबत नेता येईलच असं नाही.

काही मित्र म्हणतात, एवढा विचार कोण करतो, दिसायला भारी आहे म्हणून घ्यायची. ठीक. पण २०१२ मध्ये सँडी हुक आणि २०२२ मध्ये युवाल्डी इथल्या शाळांत मुलं मारली गेली ती याच जातीच्या रायफलींनी. दोष सगळ्या मालकांचा नाही, मान्य. पण ज्या वस्तूमागे एवढा इतिहास आहे ती निव्वळ 'लूक'साठी घेणं मला पटत नाही. कशासाठी हवी ते एका वाक्यात, बायकोसमोर, न अडखळता सांगता आलं पाहिजे. सांगता आलं, तर मॉडेल निवडायला दहा मिनिटं लागतात.

आणि नाही सांगता आलं तर पैसे वाचले! त्यात एक बरा कॅमेरा येतो. असो.